डुप्लिकेट रिमोट नेमका कुठे मार खातो?

नव्वदच्या दशकात सोलापुरात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यातल्या बहुतेकांनी निन्टेंडो या जपानी कंपनीचा अस्सल रिमोट कधी हातात धरलेलाच नाही. डबा, म्हणजे रिमोट जोडायचं गेमचं मशीन, नवी पेठेतून आणलेला असो, गड्ड्याच्या जत्रेत हट्ट करून मिळवलेला असो, नाहीतर मुंबईच्या मामाने पाठवलेला असो, आतला माल नकलीच होता. निन्टेंडोने जपानात १९८३ च्या जुलैमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा गेमचा डबा विकायला काढला, लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले, आणि पुढे त्याच्या नकला तैवान-चीनकडून जगभर गेल्या. आपल्याकडे आल्या त्या याच. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट आणि तिच्यात फिरून फिरून तेच वीस-पंचवीस गेम, हा सगळा त्याच घराण्याचा कारभार.

त्यामुळे आज कुणी विचारतं, “जुने गेम खेळायचेत, ओरिजनल रिमोट घेऊ का डुप्लिकेट चालेल?”, तेव्हा मला आधी हे सांगावंसं वाटतं की ज्या रिमोटवर आपण मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलो तोच मुळात डुप्लिकेट होता. आणि तो चालला. काही बाबतीत ओरिजनलच्या तोडीस तोड चालला, काही बाबतीत त्याने जीव खाल्ला. डुप्लिकेट म्हणजे सरसकट वाईट असं नसतं. बनवणाऱ्याने पैसा कुठे वाचवलाय, ते बघायचं असतं.

आधी जिथे काहीच फरक नाही ती गोष्ट. फॅमिकॉमच्या रिमोटवर आठ बटणं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. पण वायर सोलली तर आत पाचच तारा निघतात. त्यातल्या दोन करंटच्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि अर्थिंग. उरलेल्या तीन तारांवरून आठ बटणांची खबर जाते कशी? रिमोटच्या आत ४०२१ नंबरची एक साधी आयसी असते. डबा दर फ्रेमला, म्हणजे टीव्हीवर बदलणाऱ्या प्रत्येक चित्रागणिक, सेकंदाला ६० वेळा (‘पाल’ पद्धतीच्या टीव्हीसाठीच्या डब्यात ५० वेळा), एका तारेवरून इशारा देतो: “आत्ता कुठली बटणं दाबलेली आहेत ते टिपून ठेव.” आयसी आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती टिपते. मग डबा दुसऱ्या तारेवर एकेक ठोका देत जातो, आणि दर ठोक्याला आयसी तिसऱ्या तारेवर एका बटणाचं उत्तर देते. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. हा सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्या आत संपतो.

ही ४०२१ काही निन्टेंडोची खास चीज नाही. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या घराण्यातली आयसी आहे. नकला करणाऱ्यांनी पुढे आयसीचं कवचसुद्धा काढून टाकलं. नुसती चिप सर्किटच्या प्लेटवर चिकटवायची आणि वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकायचा. स्वस्त रिमोट उघडल्यावर मधोमध जो काळा फुगीर ठिपका दिसतो तो हाच. दिसायला गबाळा, पण काम तेच आणि तेवढ्याच वेगात. म्हणून “डुप्लिकेट रिमोट स्लो असतो” हे वाक्य या पिढीच्या वायरवाल्या रिमोटला लागू होत नाही. पुढच्या सुपर फॅमिकॉमलाही नाही. १९९० च्या त्या मशीनने दोन चिपांची जोडी करून १६ बटणांच्या जागा केल्या आणि त्यातल्या १२ वापरल्या, पण पद्धत हीच ठेवली.

मग जीव खायचा तो कुठे? प्लॅस्टिकमध्ये.

डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकचं चिन्ह, म्हणजे डी-पॅड, निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांच्या डोक्यातून निघालं. १९८२ च्या हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’ गेमवर ते पहिल्यांदा असं दिसलं आणि निन्टेंडोने त्याचं पेटंटही घेतलं. वरून पाहिलं तर काय आहे त्यात? प्लॅस्टिकचा एक तुकडा. खरी करामत खालच्या बाजूला आहे. मधोमध एक टेकू असतो आणि सगळं चिन्ह त्या टेकूवर तोललेलं असतं. उजवी बाजू दाबली की डावी वर उचलली जाते. म्हणजे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबणं शक्यच होत नाही, आणि नुसता अंगठा टेकला म्हणून काही लागतही नाही.

स्वस्त रिमोटमध्ये पहिला घाव या टेकूवर पडतो. एक तर तो नसतोच, नाहीतर एखादा मिलिमीटर आखूड असतो. टेकू आखूड पडला की चिन्ह डुलायच्या ऐवजी अख्खं खाली बसतं आणि अंगठ्याच्या जोराने शेजारची दिशाही लागते. कॉन्ट्रात याचा परिणाम अगदी जीवघेणा होतो. नुसतं ‘खाली’ दाबलं तर गडी आडवा झोपतो आणि गोळी डोक्यावरून जाते. ‘खाली’सोबत ‘उजवं’ चुकून लागलं तर तो झोपत नाही. बंदूक तिरकी खाली धरून पळत राहतो आणि येणारी गोळी छातीवर घेतो. लहानपणी असे कितीतरी जीव गेले असतील जे आपण आपल्याच हाताच्या नावावर खपवले.

डावं-उजवं एकत्र लागण्याची भानगड तर आणखी मजेशीर. ओरिजनल रिमोटवर हे होऊच शकत नसल्यामुळे अनेक गेम बनवणाऱ्यांनी त्याचा विचारच केला नव्हता. ‘झेल्डा २’ मध्ये दोन्ही दिशा एकदम दाबल्या तर नायक भन्नाट वेगाने सुसाट सुटतो. टेकूने जे अडवलं होतं ते प्रोग्रामने अडवलेलंच नव्हतं.

हे तपासायला टीव्ही लागत नाही, डबा लागत नाही. दुकानात रिमोट हातात घ्या आणि अधिकच्या चिन्हाच्या बरोब्बर मध्यावर अंगठ्याने दाब द्या. मधला भाग जेमतेम हलला पाहिजे. अख्खं चिन्ह लिफ्टसारखं खाली गेलं तर तो रिमोट मारिओपुरता ठीक आहे, पण जिथे तिरक्या दिशेला आणि सरळ दिशेला वेगळा अर्थ आहे अशा गेममध्ये रडवणार. मग चिन्हावर अंगठा गोल फिरवून बघा. चारही बाजूंना सारखंच दबलं पाहिजे. एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे भुसभुशीत असेल तर ठेवून द्या.

पेटंटमुळे सोनीने प्लेस्टेशनवर चार वेगळी बटणं दिसतील असा घाट घातला, पण उघडून बघितलं तर आत तो एकच तुकडा असतो आणि त्यालाही मधोमध आधार असतो. प्लेस्टेशनच्या स्वस्त नकलांत मात्र बाहेरचा देखावा बरोब्बर जमवतात आणि आतलं डुलणं सोडून देतात. गेम पार्लरमध्ये टेकन ३ हा मारामारीचा गेम खेळलेल्यांना हे चांगलं ठाऊक असेल. ‘पुढे, खाली, तिरकं’ असा क्रम लावून फटका काढायचा तर दिशा स्वच्छ लागायला हवी. त्यातला एडी हा गडी घेऊन बटणं बडवणाऱ्याला कुठलाही रिमोट चालतो, त्याचा प्रश्नच नाही.

दुसरी काटकसर रबरात. बटणाखाली सिलिकॉनचा छोटा घुमट असतो, घुमटाच्या पोटात कार्बनची काळी टिकली, आणि तिच्या बरोबर खाली प्लेटवर कंगव्याचे दात एकमेकांत अडकावेत तशा दोन रेषा. दाबलं की टिकली दोन्ही रेषांना जोडते आणि बटण लागतं. ओरिजनलमध्ये घुमटाची भिंत अशी असते की एका ठरावीक दाबाला तो पटकन खचतो आणि सोडला की ताबडतोब उभा राहतो. अंगठ्याला जो ‘टप’ जाणवतो तो खचण्याचा. स्वस्त रबर एक तर कडक असतं, तासाभरात अंगठा दुखतो, किंवा इतकं ढिलं की बटण परत वर यायला आळस करतं. कार्बनचा थर पातळ असेल तर काही महिन्यांत निघूनही जातो. मग ‘जोरात दाबलं तरच लागतं’ हा आजार सुरू होतो, आणि जोरात दाबून दाबून रबर आणखी फाटतं.

उघडण्यासारखा रिमोट असेल तर इथे सुधारणेला वाव आहे. रबर बाहेर काढा, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिकल्या आणि प्लेट हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. त्याने घाण जाते तसा कार्बनही जातो. मऊ शिसाची पेन्सिल टिकलीवर घासायचा उपाय बरेच मेकॅनिक करतात. तो चालतो, पण थोडे दिवस. पूर्व भागात यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांनी हे जरा नियमाने करावं. सुताची तूस इतकी बारीक असते की बटणाच्या फटीतून आत जाऊन थेट टिकलीखाली बसते, आणि हा त्रास ओरिजनलला आणि डुप्लिकेटला सारखाच.

टर्बो बटणाबद्दल दोन शब्द, कारण तिथे डुप्लिकेटने ओरिजनलच्या पुढे पाऊल टाकलं होतं. फॅमिकॉमच्या साध्या रिमोटला टर्बो नव्हता, आपल्या डुप्लिकेटला होता. त्या काळ्या ठिपक्यातच एक छोटं सर्किट बटण आपोआप लागतंय-सुटतंय असं भासवतं. फक्त डबा फ्रेमला एकदाच बघतो, त्यामुळे एक ‘दाबलं’ आणि एक ‘सोडलं’ कळायला दोन फ्रेम लागतात. सेकंदाला ३० च्या वर टर्बोचा काही उपयोग नाही. सर्किटचा ठोका आणि डब्याचा ठोका जुळला नाही तर गोळ्या मध्येच अडखळतात. ‘टर्बो खराब झाला’ म्हणून परत आणलेल्या रिमोटमध्ये पुष्कळदा खराब झालेलं काहीच नसतं.

आणि एक सावधगिरी. आपल्या डुप्लिकेट डब्यांचा ९ पिनांचा प्लग सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या वेगळ्या डब्याच्या प्लगसारखाच दिसतो. बसतोही. पण आतल्या तारा वेगळ्या, ५ व्होल्टची पिनसुद्धा वेगळी. एकाचा रिमोट दुसऱ्याला लावून बघायच्या फंदात पडू नका.

प्लेस्टेशन २ पाशी आलं की सगळा हिशोब बदलतो. इथे डुप्लिकेटवाल्याला प्लॅस्टिकसोबत इलेक्ट्रॉनिक्सही परवडत नाही. २००० साली आलेल्या ड्युअलशॉक २ मध्ये, म्हणजे त्याच्या ओरिजनल रिमोटमध्ये, बहुतेक बटणं नुसती लागलं किंवा नाही लागलं एवढंच सांगत नाहीत. किती जोराने दाबलं तेही ० ते २५५ या आकड्यांत सांगतात. चार दिशा, चिन्हांची चार बटणं आणि खांद्यावरची चार बटणं, अशी बारा. यासाठी आत नेहमीच्या प्लेटऐवजी एक लवचिक फिल्म असते. दाब वाढला की तिच्यावरच्या कार्बनचा विजेला होणारा विरोध कमी होतो. नकली रिमोटमध्ये ही फिल्म नसते, जुनंच टिकली-रेषा प्रकरण असतं. म्हणजे तो फक्त दोनच आकडे जाणतो, ० आणि २५५.

याने अडतं का? गेमवर आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ मध्ये एक्स बटण हलकेच दाबून गाडी अर्ध्या रेसवर ठेवता येते. डुप्लिकेटवर वळणावळणावर पूर्ण रेस किंवा शून्य, आणि मग गाडी घसरली की टायरला शिव्या. ‘मेटल गिअर सॉलिड २’ मध्ये रोखलेली बंदूक गोळी न झाडता खाली घ्यायची तर बटण हळूहळू सोडावं लागतं. डुप्लिकेटवर ‘हळूहळू’ हा प्रकारच नाही, गोळी सुटते. उलट ज्याला फक्त कुस्तीचे गेम आणि टेकन खेळायचंय त्याला दाबाचा फरक जन्मात कळणार नाही.

क्रिकेटवाल्यांना मात्र दुसरंच दुखणं. ‘क्रिकेट ०७’ मध्ये उजव्या काडीने, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने, फटक्याची दिशा देता येते. ती ॲनालॉग काडी दोन पोटेन्शिओमीटरवर चालते: जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं जे बटण असतं तेच, लहान करून. एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. काडी मध्यावर असताना आकडा १२८ च्या आसपास, टोकांना ० आणि २५५. चांगल्या रिमोटमध्ये काडी जेवढी ढकलाल त्या प्रमाणात आकडा सरकतो. स्वस्तात अर्धी ढकलली की आकडा टोकाला पोचलेला असतो, पुढचा प्रवास नुसता कोरडा. त्यातून मध्यावर परत आल्यावर ती १२८ ऐवजी १४० दाखवत बसली की न सांगता माणूस एका बाजूला चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. पण ड्रिफ्ट ही डुप्लिकेटची मक्तेदारी नाही बरं का. पोटेन्शिओमीटरमध्ये घासणारा भाग आहे, म्हणजे तो झिजणारच, ओरिजनलमध्ये जरा उशिरा एवढंच.

आता ‘हॉल इफेक्ट’ काड्यांची जाहिरात सगळीकडे दिसते. त्यात घासणारा पट्टा नसतो. काडीला चुंबक आणि त्याचं क्षेत्र मोजणारा सेन्सर, दोघांचा स्पर्श होत नाही म्हणून सेन्सर झिजत नाही. हे नवं तंत्र असल्यासारखं विकलं जातं. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये तो बसवलेला होता. तेव्हा एखादी नवी कंपनी जुन्या घाटाचा हॉल काडीवाला रिमोट काढत असेल, तर तो नावाने ओरिजनल नसला तरी काडीपुरता सोनीच्या जुन्या ओरिजनलपेक्षा टिकाऊ ठरू शकतो. नक्कल आणि स्वतःच्या नावाने केलेला पर्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीचं नाव छापून विकतो तो लबाड. स्वतःचं नाव छापून विकतो त्याला निदान नाव खराब व्हायची भीती असते.

लबाडीचंच निघालंय तर, सोलापुरी चादरीच्या नावावर पानिपतचा माल कसा खपतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण चादरीची घडी हातात घेतली की वजनावरून, विणीवरून जाणत्याला कळतं. रिमोटचं तसं नाही. नकलेवर लोगो असतो, मागे एससीपीएच-१००१० हा मॉडेल नंबरही छापलेला असतो, खोकंसुद्धा तसंच. म्हणून आधी तर्क चालवा. सोनीने प्लेस्टेशन २ चं उत्पादन २०१२-१३ च्या सुमारास बंद केलं. त्यामुळे आज कुणी काही शेकड्यांत ‘सीलपॅक कंपनी ओरिजनल’ देत असेल तर ते काय असणार, हे सांगायला खोकं उघडावं लागत नाही. खरा ड्युअलशॉक २ मिळाला तर जुना, वापरलेलाच मिळणार. बटणावरची चिन्हं नखाने खरवडून बघा. वरून छापलेली असतील तर त्यांची कडा नखाला लागते, मग संशय घ्यायचा. शंका उरलीच तर स्क्रू काढा. आत लवचिक फिल्म दिसली तर खरा, प्लेटवर थेट काळ्या रेषा दिसल्या तर खोटा. इथे वाद संपतो.

आणि खरा घेतलात म्हणून सुटलात असंही नाही. ती फिल्म प्लेटवर घट्ट बसावी म्हणून मागे एक फोमचा तुकडा असतो. वर्षांनी तो चपटा होतो, संपर्क सुटतो, आणि कुणी हात न लावता बटणं आपोआप लागायला लागतात. लोकांना वाटतं रिमोट गेला. फोमच्या जागी दोन पदरी चिकटपट्टीचा छोटा तुकडा बसवला की बहुधा काम होतं. डुप्लिकेटला हा आजार होत नाही, कारण फिल्मच नाही.

राहता राहिला टीव्हीच्या मागे खोचायचा, हजारो गेम भरलेला गेम स्टिक आणि सोबतचे दोन बिनतारी रिमोट. हल्ली पोरांच्या वाढदिवसाला तोच जातो. इथे मात्र ‘स्लो’ची तक्रार खरी असू शकते, पण दोष बराच वाटला जातो. वायरवाला साधा यूएसबी रिमोट कॉम्प्युटरला साधारण ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा उत्तर देतो. ६० च्या हिशोबाने एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे यातून फार तर अर्ध्या फ्रेमहून थोडं जास्त नुकसान. बिनतारीत २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओची भर पडते, त्याच पट्ट्यात घरचा वायफायही बोलत असतो, आणि सेल उतरले की सिग्नल चुकू लागतो. पण सगळ्यात मोठा दोषी पुष्कळदा टीव्हीच निघतो. नवा टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते दाखवायला उशीर करतो, आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा, मग रिमोटला नावं ठेवा.

घेताना माझा हिशोब असा. लहान मुलांसाठी आणि मारिओ-पॅकमॅनसाठी स्वस्त वायरवाला यूएसबी रिमोट बिनधास्त घ्यावा, फक्त मध्यावर दाबून बघायची परीक्षा घेऊन. दोन घ्या. एकाची वायर प्लगच्या मुळाशी तुटणारच. मल्टीमीटर लावला की चारातली कुठली तार गेली ते पाच मिनिटांत कळतं, आणि तुटल्या जागेच्या पुढे कापून पुन्हा सोल्डरचा डाग दिला की वायर चार बोटं आखूड होते, एवढंच. मारामारीचे गेम खेळत असाल तर पैसे डी-पॅडवर घाला, कंपनीच्या नावावर नाही. प्लेस्टेशन २ वर गाड्या पळवायच्या असतील तर खराच शोधा, जुना असला तरी, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतोय. नाही म्हणाला तर दुसरीकडे बघा.